हिची कुपनं आणि माझं खोकं

आदरणीय दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिन्याशी भांडत नसेल आणि वहिनींचा खोकलाही हटला असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. (मी सोडून, पण ते पुढे येईल.)

तुमच्या धाकट्या बहिणीने परवा दुकानात जे केलं, ते पाहायला तुम्ही हवे होतात. वॉशिंग मशीन वीस हजारांचं. आमच्याकडे कुपनं दोन: एक सरळ हजाराचं, दुसरं दहा टक्क्यांचं. काउंटरवरच्या माणसाने आधी हजार वजा केले, मग दहा टक्के, आणि बिल केलं सतरा हजार शंभर. मी पाकीट काढलंसुद्धा (माझं गणित तुम्ही लग्नाच्या बोलणीतच ओळखलं होतं). हिने माझा हात धरला आणि त्याला म्हणाली, "आधी टक्के काढा, मग हजार. टक्के पूर्ण वीस हजारांवर पडू देत." झाले की सतरा हजार! मॅनेजर धावत आला, कॅल्क्युलेटर दोनदा बडवला आणि शेवटी हिला बसायला खुर्ची दिली. मागच्या रांगेतली माणसं आपापली कुपनं घेऊन हिच्याभोवती गोळा झाली. दादा, मला इतका अभिमान वाटला, की ही माझी बायको आहे असं मी न विचारताच सगळ्यांना सांगत सुटलो.

शिवाय कंपनी दोन हजारांची रिबेट देणार, म्हणजे खरेदीचा पुरावा पाठवला की तेवढे पैसे मागाहून परत. म्हणजे पंधरालाच पडलं, असं मी म्हणालो. तर ही म्हणते, आज खिशातून सतराच जाणार. खोक्यावरची काळ्या रेघांची पट्टी कापून कंपनीला पाठवायची, पैसे हातात पडले की मग पंधरा म्हणायचं. काय हे डोकं! मी तर थक्क झालो.

आपला लाडका मेहुणा

ता. क. – ते खोकं काल मी घर आवरायच्या झटक्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं. हिला अजून पत्ता नाही. तुम्हीही हिच्याच सांगण्यावरून तेच मशीन घेतलंत, आणि वहिनी खोकी टाकत नाहीत. तेव्हा तुमची पट्टी गुपचूप मला पाठवा. तुमचे बुडालेले दोन हजार हप्त्याहप्त्याने देईन. माझी लाज आता तुमच्या हातात.

ता. क. २ – दादा, हे पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. तू काही पाठवू नकोस. खोकं घरात आल्याआल्या पट्टी कापून मी कपाटात ठेवली आहे. पण इतक्या वर्षांत माझं एवढं कौतुक ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं रे, म्हणून इतक्यात सांगत नाही. तू फक्त 'विचार करून कळवतो' एवढंच लिही. म्हणजे ह्यांचं आणखी एक पत्र येईल.