स्टायगेट घराण्याची खरी कुळकथा

३ मार्च
रोवीनाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, गवंडीकाम करतो. पण आडनाव स्मिथ! आमच्या लिंकनशरमध्ये दगड भिरकावला तरी तो स्मिथलाच लागेल. आणि मुलगी म्हणते, मीही स्मिथ होणार. म्हणजे माझ्यामागे स्टायगेट संपले. हे मी होऊ देणार नाही.

९ मार्च
संशोधन पूर्ण. (लायब्ररी लवकर बंद झाली, नाहीतर पुरावेही मिळाले असते.) आम्ही फ्रान्सहून आलेले नॉर्मन सरदार. मूळ नाव 'द एस्तिगात'. मॉडला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "अहो, स्टाय म्हणजे डुकरांचा गोठा आणि गेट म्हणजे फाटक. यात फ्रान्स कुठून आला?"
तिला इतिहासाची दृष्टी नाही. माहेरची ब्राऊन.

२ एप्रिल
पेपरात जाहिरात दिली. देशभरातल्या स्टायगेटांचं कुलसंमेलन, चर्चच्या हॉलमध्ये. तिथे रोवीनाचे डोळे उघडतील. मॉडला शंभर सँडविचं करायला सांगितली. ती म्हणाली, वीस. तडजोड केली. वीस.

१४ एप्रिल, संध्याकाळ
गर्दी निवडक. आम्ही तिघं, होणारा जावई आणि हल शहरातून आलेले इनॉक स्टायगेट. वय नव्वदीपार. कान शाबूत, दुर्दैवाने वाचाही. मी भाषणात सरदारांपर्यंत पोचलो तोच म्हणाले, "कसला सरदार रे पोरा? माझ्या आजोबांचा बाप डुकरांच्या फाटकाशी सापडला. ओल्या गोणपाटात. पाद्रीबाबांनी तेच नाव ठेवलं."
मी ठणकावलं, सरदारांची मुलंही हरवतात.
"हरवलं नव्हतं. टाकलं होतं. डुकरं राखणाऱ्याच्या बायकोनं अंगावर पाजून जगवलं. पुढे कुणी हिणवलं की म्हणायचा, माझं फाटक अजून जागेवर आहे, तुझा बाप कुठे लोळतोय ते बघ!"
रोवीना हसता हसता रडायला लागली. मी भाषण पुढे रेटलं. कुणी ऐकलं नाही.

१५ एप्रिल
विजय! रोवीना स्टायगेटच राहणार. मी विचारलं, पटले ना सरदार? म्हणाली, "नाही बाबा. पण त्या पोराला एकदा टाकलं तेवढं पुरे. मी नाही टाकणार."
जावई म्हणतो, मुलांनाही तेच नाव लावू.
मुक्कामाला राहिलेल्या इनॉकआजोबांना पोचवायला सगळे स्टेशनवर गेलेत. गाडीत मला जागा उरली नाही. मी घरी बसून नॉर्मन मुद्द्यावर ठाम आहे.