साहेबांच्या मुलाचं नाव

बाबा, मुरबाडच्या स्टँडवर आज तुमच्या साहेबांचा भलामोठा बॅनर लागलाय. जन्मशताब्दी आहे म्हणे. गल्लीतल्या पुढाऱ्यांची झाडून सगळी तोंडं त्यावर आहेत, साहेबांच्या मुलाचं तेवढं कुठंच नाही. त्याचं नाव वागवणारा मी खाली बराच वेळ उभा राहिलो. घरी आलो आणि तुम्हाला लिहायला बसलो.

मी जन्मलो तेव्हा पेपरात आलेल्या फोटोत साहेबांचा चार वर्षांचा पोर त्यांच्या खांद्यावर बसून त्यांच्याच हारातला झेंडू खात होता. तुम्ही हसत सुटलात आणि माझ्या बारशाला तेच नाव ठेवलंत. पुढं भात लावतानासुद्धा त्याच्या गोष्टी सांगायचात. बाप दौऱ्यावर निघाला की पठ्ठ्या त्याच्या चपला लपवायचा म्हणे. मी तुमच्या लपवल्या तेव्हा मात्र दोन धपाटे मिळाले. मग तो गेला. एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा; कावीळ झाली आणि आठ दिवसांत आटोपलं. आईनं माझं नाव घ्यायचं सोडलं. "दगडाला मरान नाय," म्हणाली, आणि मिसरूड फुटलेला मी दगडू झालो. तुम्हालाही तिनं शपथ घातली.

पुढच्या वर्षी साहेब मुरबाडला सभेला आले. तुम्ही मला गर्दीतून रेटत थेट त्यांच्यासमोर नेलंत आणि कौतुकाच्या भरात बोलून बसलात, "साहेब, तुमच्या पोराचं नाव ठेवलंय याला." मागचे कार्यकर्ते खाऊ की गिळू असे बघायला लागले. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आमच्या घरात हे नाव आता कोणी घेत नाही. तुम्ही मारता ना हाक?"

"मारतो ना साहेब. रोज मारतो."

तुम्हाला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. ते खरं करायला संध्याकाळी तुम्ही अंगणातून माझ्या नावानं अशी हाक ठोकलीत की आई पिठाच्या हातांनी धावत आली. "कशाला घेता ते नाव? एकच पोरगा हाय माझा!"

"माझापन एकच हाय गो. पन त्या मानसाला आता कोनाला हाक मारायची रायली नाय."

आई पुन्हा भांडली नाही. तुम्ही हाक मारली की मिठाचा खडा माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकायची, एवढंच.

एकोणीस वर्षांचा असताना मी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर रोजंदारीवर होतो. एका दुपारी तुम्ही तीन गाड्या बदलून रिकाम्या हातानं तिथं आलात. "नुसता बघाय आलो रे," म्हणालात. मी खेकसलो, "कामाच्या टायमाला कशाला आलात? मुकादम ओरडतो." तुम्ही पाणीसुद्धा न पिता परत गेलात.

हे पत्र वहीतच राहणार, तेव्हा सांगून टाकतो. तो जितके दिवस जगला, त्याहून त्या दिवशी मी एका दिवसानं मोठा झालो होतो. तुम्ही दिवस मोजत होतात, तसे मीही मोजत होतो. आठवडाभर रोज आरशात डोळे पिवळे झालेत का बघत होतो. रुळाच्या कडेनं तुम्ही येताना दिसलात आणि मला एवढं बरं वाटलं की सगळ्यांसमोर रडू फुटलं असतं, म्हणून खेकसलो. मुकादम त्या दिवशी कामावर आलाच नव्हता, बाबा.