आमची कंपनी

प्रिय मायुमी,

तुझा शरीरशास्त्राचा पेपर चांगला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे, कामावर जाते आहे.

मी कंपनीला ‘आमची’ म्हणायचे त्यावरून तू आपल्या आईला किती चिडवायचीस. ‘नानाय, तू तिथे मासे साफ करतेस, मालकीण नाहीस.’ पण वादळात आपलं घर वाहून गेलं, तेव्हा त्या मासळीच्या कारखान्यानंच आपल्याला आत घेतलं. डबे भरायच्या हॉलमध्ये सगळं गाव झोपलं, भात कंपनीनं शिजवला. पुढे शाळाही बांधून दिली, तुझ्या कॉलेजसाठी शिष्यवृत्तीही दिली. मग कंपनीतर्फे किनाऱ्यावर खारफुटी लावायला आम्ही सुट्टीच्या दिवशी आपणहून जायचो. शेजारचा डेल्फिन सगळ्यांत पुढे, गुडघाभर चिखलात, गाणी म्हणत.

डेल्फिन गेला, एवढंच तुला फोनवर सांगितलं होतं. कसा गेला ते माझ्याच्यानं बोलवलं नाही. तो शीतगृहात कामावर असताना अमोनिया वायूची नळी फुटली. तो मागच्या दारापर्यंत पोचला होता. पण मासळी चोरीला जाते म्हणून त्या दाराला बाहेरून कुलूप असायचं. अंत्यविधी कंपनीनं नीट केला, बँड होता, सगळ्यांना जेवण होतं. मालक आर्तुरो साहेब रडले, आणि खरंच रडले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘नेनिंग, चौकशीला सरकारी माणूस येईल. दार उघडंच होतं म्हण. आपण एक कुटुंब आहोत.’

मी गप्प राहिलेही असते. पण डेल्फिनची बायको इसिंग घरी आली. बसलीसुद्धा नाही. ‘तुझीच ना गं कंपनी? मग तूच सांग, माझ्या नवऱ्याला दार का उघडता आलं नाही?’

चौकशीत मी कुलपाचं सांगितलं. साहेब म्हणाले, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ मी म्हटलं, ‘कंपनी परक्याची वाटली असती तर गप्प बसले असते, साहेब.’ आता जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसत नाही. दाराचं कुलूप मात्र निघालं आहे.

काल ऑफिसात बोलावलं होतं. पुढच्या सत्रापासून तुझी शिष्यवृत्ती बंद. कारण विचारलं तर म्हणाले, नियम बदलले. कॉलेजकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिते आहे. असं होईल हे मला चौकशीच्या आधीच ठाऊक होतं. तरी तुला विचारलं नाही. तू ‘गप्प बस’ म्हणाली असतीस तर मी बसले असते. रागाव हवं तेवढं, पण सुट्टीत घरी ये.

तुझीच,
नानाय