बरणीतलं हाड

लॉंग माउंटन,
९ जुलै १९८०

प्रिय जयदेव,

उद्या सकाळी तुझं ऑपरेशन, आणि मी समोर येऊन बोलायचं सोडून कागद काळा करतोय. हस तू! देवळातल्या मराठीच्या वर्गात पोरांवर डाफरणारा तुझा दादा आज पेन धरून घामाघूम झालाय. शेजारचा नंदलाल संध्याकाळी वॉर्डात येईल, त्याच्या हाती हे देतो.

घरी बरं आहे. गाय व्याली, कालवड झाली. आई रोज विचारते, पोराच्या डोक्यातला तो खळगा भरेल ना? तू खोकलास की तिथली कातडी वर उचलली जाते. बसंतीने तुला पाठवलेला डबा कालही भरलेलाच परत आला. बरणी फोडणाऱ्या बायकोचं तोंड बघायचं नाही म्हणतोस. सहा महिने झाले, बाबा.

काल डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. दातांच्या कवळीला वापरतात तसलं काहीतरी कालवून तुझ्या खळग्याच्या मापाची चकती करणार आणि तारेने बसवणार. पू धरला तर ती काढावी लागेल, जिवावरही बेतेल. स्वतःचं हाड असतं तर बरं होतं, असं ते म्हणाले, आणि मी खाली बघत राहिलो. तुला वाटलं, दादाला काळजी.

डिसेंबरचा तो सिकलोन तुला कुठला आठवायला! त्या वादळात छपराचा पत्रा उडून तुझ्या डोक्यात बसला. मेंदू सुजला म्हणून तळहाताएवढं हाड काढलं. इस्पितळात वीज नव्हती, बर्फाची पेटी बंद. नर्सने ते स्पिरिटच्या बरणीत घालून माझ्याकडे दिलं. जपा म्हणाली, शुद्धीवर आला की उकळून परत बसवू. मी बरणी देव्हाऱ्याखाली ठेवली.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले. आता ऐक. गावात कुणी गेलं की दहाव्याचं सगळं मलाच विचारतात, मी मोठा शास्त्र जाणणारा! तू गेलास आणि हाड घरातच राहिलं तर तुला गती मिळणार नाही, एवढंच माझ्या टाळक्यात बसलं. दहाव्या दिवशी पहाटे कुणाला न सांगता तेर रूजच्या खाडीवर गेलो. तुझं नाव घेतलं, गोत्र उच्चारलं, तीळ सोडले आणि हाड पाण्यात दिलं. आयो, जयदेव, जित्या भावाचं तर्पण केलं मी! ओल्या धोतराने घरी आलो तर निरोप आलेला, तू डोळे उघडून पाणी मागितलंस.

बरणी बसंतीने फोडली नाही. रिकामी बरणी मीच दगडावर आपटली, हाड कुत्र्याने पळवलं म्हणून सांगितलं आणि आळ तिच्यावर घातला. दिराची अब्रू राख म्हणून तिच्यापुढे हात जोडले, तर ती पोर तोंडातून ब्र न काढता सगळं सोसत राहिली. उद्या काही वेडंवाकडं झालं, तर हा खोटा राग घेऊन तू जाशील. त्या पापाला तीळ-पाणी पुरणार नाही, म्हणून लिहिलं. मला काय हाणायचं ते घरी आल्यावर हाण. आज तीही नंदलालबरोबर येतेय, दाराबाहेर बाकावर बसलेली असेल. रात्री दहानंतर तुला पाणीसुद्धा देणार नाहीत. त्याआधी तिला आत बोलाव आणि तिच्या हातचं जेव.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगार,
तुलसीराम दादा