प्लगीण

सोमवार, ६ तारीख

आले बाई एकदाची. सामान म्हणजे एक पेटी, एक पिशवी आणि माझे गुडघे. त्यात गुडघेच जड. मुलगा जहाजावर, तो इतक्यात यायचा नाही. सून घरांचे नकाशे काढते, सकाळी घरी बसून आणि दुपारी बांधकामांवर हिंडून. नात शाळेतून येते तेव्हा दार उघडायला कुणी नसतं, म्हणून सासू आठवली. आठवली तर आठवली. मीही तिकडे एकटी भिंतींशी भांडून कंटाळले होते, आणि भिंती उलटून बोलतही नाहीत.

खोली छान दिलीय. खिडकीतून भरपूर ऊन येतं, फक्त पलंग इतका उंच की पाय लहान मुलासारखे लोंबकळतात. नातीला सगळे टकळी म्हणतात ते उगाच नाही. दारापासून पलंगापर्यंत येईस्तोवर तिनं मला शाळा, मैत्रिणी, पडलेला दात आणि बाईंच्या नवऱ्याचा मोडलेला पाय, सगळं सांगून टाकलं. पोरगी श्वास कधी घेते कोण जाणे. ही वहीही तिचीच. रोज लिही म्हणाली, मी शुद्धलेखन तपासीन. माझी शाळा चौथीत सुटली, ती आत्ता दुसरीत आहे, तरी हुद्दा तिचाच मोठा.

सून म्हणाली, घर तुमचंच आहे आई, काय हवं ते वापरा, फक्त हॉलमधल्या कॉम्प्युटरला हात लावू नका, माझं सगळं काम त्याच्यावर आहे. बोलली गोडच, पण ‘फक्त’वर जोर होता. मी म्हटलं, तुझ्या त्या खोक्यावरची धूळसुद्धा मी पुसायची नाही.

बुधवार, ८ तारीख

मुलाची फिल्म आली. सुनेनं मोबाइलवर दाखवली. जहाजाच्या कठड्याला टेकून उभा आहे, केस उडताहेत, वाळलाय. काहीतरी आईसाठी म्हणून बोलला, पण वारा, त्यात टकळीची टकळी, मला मेलं एक अक्षर कळलं नाही. पुन्हा लाव म्हणेपर्यंत सूनबाई चपला घालून, मोबाइल घेऊन बाहेर.

टकळी म्हणाली, आजी, तेच कॉम्प्युटरवर पण आलेलं असतं. मग आईची खुर्ची ओढून, काही न दाबता, नुसतं बोट दाखवून शिकवलं. हा रंगीत गोल म्हणजे ब्राउझर, ही खिडकी, सगळं हिच्यातूनच बघायचं. हे पाकीट म्हणजे पत्रं. मी म्हटलं, मला काय करायचंय. आणि सगळं लक्षात ठेवलं.

गुरुवार, ९ तारीख

लावला हात. घरात कुणी नव्हतं. पोराचा आवाज ऐकायचा होता, चोरी नव्हती करायची.

गोल दाबला, पाकीट दाबलं, मुलाचं नाव दिसलं ते दाबलं. फिल्मच्या जागी करडी चौकट. तिच्यात लिहिलेलं मी चष्मा चढवून अक्षर अक्षर लावून वाचलं. हे पाहण्यासाठी प्लगइन आत घ्यावे लागेल. परवानगी द्यायची का? मला वाटलं छापणाऱ्याची चूक. माळ्याची माळीण, शेजाऱ्याची शेजारीण, तशी कुणा प्लगाची प्लगीण असेल, तिला बिचारीला आत यायचंय. हो दाबलं. मग विचारलं, कॅमेरा वापरू का? हो. मग माइक? हो. आवाज लागणारच की. मग आणखी काहीतरी बारीक अक्षरांत, ते मला लागेना. तिथेही हो.

फिल्म सुरू झाली. मुलानं मान वळवली, तोंड उघडलं, ‘आ’ म्हणाला आणि तसाच थांबला. मग सगळी खिडकीच गडप. मी घाबरून काच फडक्यानं पुसत बसले, जशी काही माझी बोटं तिच्यावर उमटली असतील. तेवढ्यात टकळी शाळेतून आली. फडकं बघितलं, मला बघितलं. हसली आणि ओठांवर बोट ठेवलं.

शुक्रवार, १० तारीख

सुनेचा ब्राउझर उघडला की मिटतो. सकाळभर काढलेला नकाशा गेला, मग पुन्हा काढला तोही गेला. टकळीला समोर उभं केलं. मला आपलं रीत म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला ते खोकं उघडतं कुठून तेही ठाऊक नाही. किती सरळ आलं तोंडातून, एक खाचखळगा नाही.

टकळी रडवेली झाली. मी नाही, म्हणाली, ते आ— आणि थांबली. तोंड उघडं, पुढचं नाहीच. मला वाटलं, पोरीनं मला राखलं. सुटले, असंच वाटलं. खोटं कशाला लिहू.

रविवारी बाबांशी फोनवर बोलायचं नाही, ही शिक्षा झाली. मी मटार सोलत होते. मान वर केली नाही.

शनिवार, ११ तारीख

कॉम्प्युटरवाला आला. जाडा, सर्दी झालेला, मी बहिरी असल्यासारखा माझ्याशी ओरडून बोलणारा. त्यानं ब्राउझरला लावलेले सगळे जोड बंद केले आणि एकेक चालू करत गेला. बाकीच्यांशी ब्राउझर शहाण्यासारखा वागत होता. एक चालू केला की धाडकन बंद. म्हणाला, ही मीडियाची प्लगइन आहे, गाणी-चित्रं दाखवायला आत घेतलेली मदतनीस. हिला ओझं पेलत नाही, स्वतः पडते आणि ब्राउझरलाही घेऊन पडते. मग ‘काढा’ दाबलं. खिडकी मिटली. पुन्हा उघडली तर ही जागच्या जागी. ‘काढा’ म्हटलं की मिटायचं, एवढंच. असली चिवट बघितली नाही म्हणाला.

कुठल्या पानावरून, कशाकशाला हो म्हणून आत घेतली ते कळलं तर मुळापासून काढता येईल, म्हणाला. ज्यानं दाबलं त्यानं नुसतं सांगावं, मी काही कुणाला खात नाही. सुनेनं टकळीकडे पाहिलं. टकळीनं माझ्याकडे. आ— म्हणाली आणि पुन्हा तशीच. तो हसून म्हणाला, हिलाही बंद करून चालू करायला हवं. सगळे हसले. मीसुद्धा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आठवडाही नाही झाला येऊन, आणि ‘फक्त’ एवढंच तर सांगितलं होतं.

रविवार, १२ तारीख

टकळी आता कशावरही अडते. स्वयंपाकघरात पेला नळाखाली धरून म्हणाली, आजी, पा— आणि थांबली. नुसता आवाज नाही, हात, डोळे, सगळी. पेला भरून पाणी ओट्यावरून खाली वाहायला लागलं. मी दंडाला धरून हलवलं तर शिंकल्यासारखी जागी झाली आणि तिथूनच पुढे बोलायला लागली. मध्ये काय झालं तिला पत्ता नाही. उलट मलाच विचारते, पाणी कुणी सांडलं?

सून म्हणाली, फोन बंद केला म्हणून नाटकं चाललीत. मी म्हटलं, लाडच फार झालेत. हे मी म्हटलं. या तोंडानं.

मंगळवार, १४ तारीख

डॉक्टरकडे नेलं. घसा स्वच्छ, कान स्वच्छ. शाळेतून चिठ्ठी आली, वर्गात उत्तर देता देता ही पुतळा होते.

दुपारी ती हॉलमध्ये माझ्यासमोर बसली होती. म्हणाली, मला भू— आणि अडली. मी उठते तोच मागून आवाज आला. —क लागली.

तिचाच आवाज. खोक्यातून.

स्क्रीन काळी होती. वरचा कॅमेऱ्याचा बारीक दिवा तेवढा जळत होता, तिच्याकडे तोंड करून. मग पोर हलली. पण बोलली नाही. तिचं बोलून झालेलं होतं ना. उरलेलं ती प्लगीण आत ओढून घेते. पोर सुरुवात करते, शेवट ती करते.

आणि हे मला आत्ता लिहिताना सुचलं. पोरगी ‘आ’वर अडते तेव्हा खोकं गप्प असतं. बाकी सगळी वाक्यं पुरी करते, तेवढं एक करत नाही. कुणी आत घेतलं ते कळलं तर तिला काढतील. म्हणून माझं गुपित ती राखते. आम्ही दोघी एका बाजूला आहोत.

बुधवार, १५ तारीख

भिंतीतून वायर उपटली. म्हटलं, जा मेले.

आतल्या खोलीत धप्प झालं. टकळी जमिनीवर. डोळे उघडे, हातात पेन्सिल, छाती हलेना. गाल थोपटले, पाणी मारलं, हाका मारल्या. काही नाही. धावत — माझे गुडघे आणि धावणं — जाऊन वायर परत भिंतीत घातली. दिवा लागला. आतून खोकल्याचा आवाज आला.

माझ्याच हातांनी मी तिला पुन्हा चालू केलं. दुसरं काय करणार होते.

गुरुवार, १६ तारीख

टकळी आज बोलली नाही. सांगायचं असलं की हॉलमध्ये जाऊन खोक्यासमोर उभी राहते. तोंड उघडते. ते बोलतं.

सुनेला तो आवाज पोरीचाच वाटतो. तिचाच आहे. पाठमोऱ्या मुलीचे ओठ कोण बघतं.

मी बघते.

शुक्रवार, १७ तारीख

कॉम्प्युटरवाल्याचा निरोप आला. उद्या येतो, खोकं उचलून दुकानात नेतो, सगळं पुसून कोरं करतो. म्हणजे वायर काढणार. म्हणजे पोर —

सांगायचंच ठरवलं. सून ओट्यापाशी होती, दूध तापत होतं. मी म्हटलं, सूनबाई, रागव, हाकलून दे, पण ऐक. त्या दिवशी ते खोकं उघडलं ते—

मग सून माझे खांदे गदागदा हलवत होती. दूध उतू जाऊन खाली थबथबत होतं. मला मध्ये काहीच झालं नव्हतं, पापणी लवली इतकंच. पण हॉलमधून आवाज आला होता. तो मलाही ऐकू आला. माझा आवाज. माझा खरखरीत, म्हातारा, ठसक्यात बोलणारा आवाज.

—पोरीनं.

सुनेनं तो ऐकला. म्हणाली, मला माहीतच होतं आई, तुम्ही उगाच तिला पाठीशी घालत होतात. आणि पोरीच्या खोलीकडे गेली. दार लावल्याचा आवाज. मग मारल्याचा.

मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. न— हॉलमधून काय आलं ते लिहवत नाही.

शनिवार, १८ तारीख

सकाळ. तोंड उघडायचंच नाही असं ठरवलंय. सून काही विचारते तेव्हा नुसती मान हलवते, तिला वाटतं मी रुसलेय. कॉम्प्युटरवाला आलाय. खाली गाडी लावतोय. सून त्याला आणायला लिफ्टनं खाली गेलीय.

पोर हॉलमध्ये उभी आहे. माझ्याकडे बघते. रागानं नाही. रागानं बघितली असती तर बरं होतं.

लिहिता येतंय. त्या बारीक अक्षरांत काय होतं कोण जाणे, पण हात अजून माझा आहे. ही वही उघडी सुनेच्या हातात देणार —

सूनबाई, आधी हे वाच. वायर काढू देऊ नकोस, पोर पडेल. त्याला सांग, प्लगीण मुलाच्या पत्राच्या पानावरून आली, ९ तारखेच्या गुरुवारी दुपारी. कॅमेऱ्याला हो म्हटलं, माइकला हो म्हटलं, बारीक अक्षरांना न वाचता हो म्हटलं. त्याच वाटेनं तिला काढ. पोरीला जवळ घे. तिनं काही केलेलं नाही, सगळं ठाऊक असून ती —

लिफ्टचं दार वाजलं.

तिनं मला राखलं आणि मी तिला मार खाऊ दिला. सूनबाई, नीट वाच. ते खोकं उघडलं ते पोरीनं नाही. प्लगिणीला घरात घेतलं ते