आबांनी समीरला झापलं

शनिवार, संध्याकाळ. भांडगावजवळ, गाडीतच.

शिरूरहून निघताना ह्यांचा बेत हायवेवरच्या पेट्रोलपंपाशी मुक्काम करायचा होता. ट्रकांचे हॉर्न ऐकून मीच म्हटलं, आतल्या रस्त्याला घ्या. रिटायर झाल्यावर हौसेनं टेम्पोत पलंग आणि शेगडी बसवून घेतली, ती ही गाडी. लिंबाखाली लावली आणि मी कुकर चढवला.

शेजारच्या वस्तीवरचे एक आबा आले. आत डोकावून हळूच म्हणाले, "पोरांनी काढलं व्हय घरातनं?"

"नाही हो आबा, हौस म्हणून फिरतोय," हे म्हणाले.

"समदे आसंच म्हणत्यात." आबा गेले आणि पिठलं-भाकरी घेऊन आले.

तेवढ्यात पुण्याहून आमच्या समीरचा फोन. ह्यांनी स्पीकरवर टाकला, तर आबाच बोलायला लागले. "आरं, म्हातारा-म्हातारी रस्त्यावर सैपाक करत्यात. तुला कायच वाटत न्हाई?"

मग समीर चक्क म्हणाला, "चुकलं आबा. उद्या येतो."

तीन महिने त्याला सवड नव्हती! आबांना खरं पुन्हा सांगायला हवं होतं का? हे म्हणतात, आपली इज्जत गेली. गेली असेल. मला उद्या पोरगा दिसणार.

जाताना आबा म्हणाले, "न्हाई आला तर मला सांगा."

हसू लपवायला मी पदर तोंडाला लावला. आबांना ते रडू वाटलं. त्यांनी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हे मात्र खरोखरच गहिवरले.