सुमनची डबी

भिलाई, मंगळवार, ८ डिसेंबर १९८७

सुमनला आतड्याचा कॅन्सर आहे. पसरलाय, डॉक्टर म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांनीच शौचाच्या तपासणीसाठी डबी दिली होती. हिनं नमुना भरून, कागदात गुंडाळून माझ्या हाती दिली. मी प्लांटच्या लॅबमध्ये रोज पोलादाचे नमुने तपासतो. पण दवाखान्याच्या खिडकीवर सगळे ओळखीचे, तिथं बायकोची ती डबी द्यायची लाज वाटली. खुर्सीपारच्या नाल्यात टाकली. घरी सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे.

कशाची लाज? एवढीशी डबी.

आज घरी आल्यावर तिनंच माझे डोळे पुसले. म्हणाली, "तुमी कावून रडून राहिले? तुमी तर डबी वेळेवर नेऊन देली होती."